तगरचं कापड, यवनांची चांदी

गाडीत बसण्याआधी फोन घरी ठेवा. जिथं निघालो आहोत तिथं क्यूआर कोड नाही, आणि पाकिटातल्या पाचशेच्या नोटेवरचे गांधीजी तिथं कुणी ओळखणार नाही. पण पैशावर कुणाचा तरी चेहरा असतो, कुणाचं तरी नाव असतं, आणि ते दिसलं की दुकानदार माल देतो, ही सवय तुमच्या अंगात मुरली आहे. ती आपल्याकडे आली कुठून, ते बघायला चाललो आहोत. आपल्याकडचे सगळ्यांत जुने चांदीचे पैसे म्हणजे आहत नाणी. त्यांवर सूर्य, डोंगर, झाड असे सुटे ठसे मारलेले असत. राजाचा चेहरा नसे, नावही नसे. ते दोन्ही आणलं यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी.

सोलापूरहून धाराशिव, तिथून तेर. गोरोबाकाकांचं गाव म्हणून तुम्ही इथं दर्शनाला येऊनही गेला असाल. त्रिविक्रमाच्या देवळाची विटांची, मागच्या बाजूनं गोलाकार इमारत पाहून हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं कुणी सांगितलं असेल, तर खरंच सांगितलं. ग्रीक दर्यावर्द्यांच्या लिखाणातलं ‘तगर’ म्हणजे कोणतं गाव, यावर विद्वानांनी देवगिरीपासून जुन्नरपर्यंत बरीच गावं धुंडाळली. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरवर बोट ठेवलं आणि पुढच्या उत्खननांनी ते पक्कं केलं.

आता तेरणा नदीकडे तोंड करा आणि साडेएकोणीसशे वर्षं मागं या.

पायाखाली तीच काळी माती. पण गाव मोठं, गजबजलेलं. शंखाच्या बांगड्या कापणारे, मणी घासणारे, हस्तिदंत कोरणारे आपापल्या पडवीत बसलेत. आणि घरोघरी माग. सोलापूरच्या माणसाला मागाचा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. इथं तो हातमागाचा आहे, इतकंच. जुनी मिल 1877 साली सुरू व्हायची आहे, पॉवरलूमचं तर नावच काढू नका. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी वाटाड्या-पुस्तकात तगरहून निघणाऱ्या मालाची यादी आहे: भरपूर जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि एक खास रंगाचं कापड. सोलापुरी चादरीच्या आधी अठराशे वर्षं या टापूतलं कापड समुद्रापार जात होतं, हे चादरीच्या दुकानांत कुणी पाटीवर लिहीत नाही. लिहायला हवं.

तुम्ही एका सार्थवाहाच्या तांड्याबरोबर हिशेबनीस म्हणून निघाला आहात. इथली बोली महाराष्ट्री प्राकृत. ती तुम्हाला कळायची नाही, म्हणून तुमच्या कानांसाठी मी ती सोलापुरी करून घेतो. तेवढी लबाडी चालवून घ्या.

“पाव्हणं, गठ्ठ्यावर बसू नका. मलमल चुरगळंल.”

तुम्ही खाली उतरता आणि गाडीच्या मागून चालू लागता. तगर ते पैठण दहा दिवस. पैठण ते भडोच वीस दिवस. हे दिवस पेरिप्लसवाल्यानंच मोजून ठेवलेत, आणि रस्ता धड नाही असंही नोंदवलंय. पैठणला अकीकाच्या दगडांच्या गोणी सोबतीला येतात. पुढच्या चढउतारांवर बैल किती वेळा बसले ते इथं सांगत नाही.

एक प्रश्न मात्र तुम्ही गाडीवानाला विचारताच: “कल्याणचं बंदर जवळ पडेल ना? मग भडोचला का?”

“कल्यानात यवनाचं गलबत चुकून शिरलं, तरी त्येला शिपायांच्या पहाऱ्यात भडोचला न्हेत्यात. क्षहराताचा हुकूम हाय.”

क्षहरात म्हणजे नहपान. शक क्षत्रप. भडोच त्याचं आहे आणि पलीकडच्या व्यापाराची किल्लीही त्याच्याच कमरेला. सातवाहनांचं कल्याण त्यानं असं बसवून ठेवलंय. पेरिप्लसमध्ये हे सगळं आहे. नहपानाचं नाव तिथं ‘मंबानस’ असं वाकडं होऊन आलंय.

भडोच. नर्मदेच्या मुखाशी भरती येते ती डरकाळी फोडत येते. परक्या तांडेलाला ही खाडी जमत नाही, म्हणून राजाचे कोळी मोठ्या वल्ह्यांच्या होड्या घेऊन पुढं जातात आणि गलबतं ओढत आत आणतात. धक्क्यावर इटलीच्या दारूचे रांजण, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच उतरतंय. राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी मुलंही. त्या मुलांकडे बघून तुमचं मन चरकतं, पण हिशेबनिसानं बघायचं ते नाण्यांकडे.

कापड विकलं गेलं. मोल घ्यायला तुम्ही सराफाच्या घोंगडीसमोर बसता. तो थैली उलटी करतो.

पहिलं नाणं चौकोनी. चांदीचं, नखाएवढं. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला बैल. आणि बैल आपला, वशिंडाचा! तीन कडांनी ग्रीक अक्षरं: त्राता राजा अपोलोडोटस याचं. उलट बाजूला तेच खरोष्ठी लिपीत, उजवीकडून डावीकडे: महरजस अपलदतस त्रतरस. दुसरं नाणं गोल. त्यावर डोक्याला फीत बांधलेल्या तरुणाचा चेहरा, फितीची टोकं मानेमागं उडतायत. मागं देवी अथीना, एका हातात ढाल, दुसरा हात वर, त्यात वज्र, आत्ता फेकणार. नाव मिनँडर. बौद्ध ग्रंथातला मिलिंद राजा तो हाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला ज्याचं नाव दिलं, तो तुमच्या तळहातावर आहे.

आणि आता गंमत बघा. मिनँडरला मरून तुमच्या या व्यवहाराच्या वेळी जवळपास दोनशे वर्षं होत आली आहेत. त्याचं राज्य उत्तरेत होतं, तेही बुडालं. तरी पेरिप्लस सांगतो, की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्रम्म अजून चालतात. सराफ ते तागडीत टाकतो, दगडावर एकदा वाजवतो आणि बाजूला सारतो. बट्टा नाही. राजा कोण होता हे त्याला ठाऊक नाही. चांदी चोख आणि ठसा ओळखीचा, एवढ्यावर त्याचं भागतं.

हा ठसा मूळचा कुठला, ते बघायला क्षणभर घोंगडीवरून उठा आणि आणखी पाचशे वर्षं मागं, पश्चिमेला जा. अथेन्स. लॉरियनच्या खाणींत गुलाम चांदी खणतायत. टांकसाळीत ऐरणीत एक ठसा खोबणीत बसवलाय, त्यावर तापवलेली चांदीची जाड चकती, तिच्यावर हातात धरलेला दुसरा ठसा, वर घणाचा घाव. खालच्या बाजूला अथीनेचा मुखडा उमटतो, वरच्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी, बारीकशी चंद्रकोर आणि शहराच्या नावाची तीन अक्षरं. वजन सतरा ग्रॅमच्या वर. घुबड मोठं नाही. आपल्या पिंगळ्याचं सख्खं भावंड आहे ते. प्राणिशास्त्रात दोघांच्या प्रजातीचं नावही अथीनेवरूनच पडलंय. पिंगळा बोलला की तेरच्या म्हाताऱ्या आजही कानावर हात ठेवतील, अन् तिथं त्याला पैशावर बसवलाय. शंभरेक वर्षांनी अलेक्झांडर आला. त्यानं सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीज आणि सिंहासनावरचा झ्यूस घातला. त्याच्या सेनापतींनी पुढं देवाचा चेहरा काढून आपलाच बसवला. हिंदुकुशापलीकडच्या बॅक्ट्रियातल्या ग्रीक राजांनी तर माणूस जसा आहे तसा कोरला: म्हातारा, सुरकुतलेला, बसक्या नाकाचा. ग्रीक जगात इतके जिवंत चेहरे क्वचितच कुणी कोरले असतील.

हिंदुकुश ओलांडून आल्यावर मात्र यवनांनी शहाणपण केलं. नाणं हलकं केलं, अडीच ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे इथल्या हिशेबाला बसेल असं. आणि एका बाजूला आपली लिपी, दुसऱ्या बाजूला इथली. अॅगॅथोक्लीज नावाच्या राजानं तर कमाल केली होती: एका बाजूला नांगर घेतलेला संकर्षण, दुसऱ्या बाजूला चक्र घेतलेला वासुदेव. ही चौकोनी नाणी 1970 साली अफगाणिस्तानात आई-खानुमच्या उत्खननात निघाली. सनपूर्व दुसऱ्या शतकातली ही नाणी. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे त्या जिल्ह्याच्या माणसाला मी ही माहिती सांगितल्याशिवाय राहू शकत नाही.

परत या. सराफ खोळंबलाय.

तिसरी चळत सगळ्यांत मोठी. कोरी, चकचकीत, दीड सेंटिमीटरहून थोडी मोठी. चेहरा आहे, मिशी आहे, डोक्याला चापून बसणारं शिरस्त्राण आहे. भोवती ग्रीक अक्षरं. तुम्हाला ग्रीक वाचता येतं असं समजू. तर लावा वाचायला. रान्निओ क्षहरातस नहपानस. अहो, ही ग्रीक भाषा कुठं आहे? हे आपलं प्राकृतच, फक्त ग्रीक कपडे घालून उभं आहे! उलट बाजूला तेच वाक्य ब्राह्मीत आणि खरोष्ठीत, आणि मधोमध बाण आणि वज्र. अथीनेच्या हातात होतं तसलं वज्र, पण आता देवी गेली आणि शस्त्र तेवढं राहिलं.

भडोचात ही तिन्ही अक्षरं वाचणारा माणूस किती, असं सराफाला विचारून बघा.

“वाचतोय कोण, पाव्हणं? अक्षर गोल गोल दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तर मागचा माणूस नाणं घेत न्हाई.”

इथंच मला जे म्हणायचंय ते आहे. नहपानानं ग्रीक अक्षरं ग्रीकांसाठी कोरली नाहीत. दोनशे वर्षं बाजाराला ज्या रूपाची सवय लागली होती, ते रूप त्यानं उचललं. ते रूप टिकवणारे राजे नव्हेत. सराफ, गाडीवान आणि आपल्या मागावरचे लोक.

चौथं नाणं सराफ तुमच्याकडे सरकवतच नाही. रोमचा दिनार. तो देऊन इथला पैसा घेतला की यवन व्यापाऱ्याला चार पैसे सुटतात. पेरिप्लसवाल्यानं आपल्या लोकांना हा सल्ला स्पष्ट शब्दांत देऊन ठेवलाय. दख्खनमधल्या सातवाहनकालीन वस्त्यांत रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्यात, गळ्यात घालायला भोक असलेल्या. पुतळ्यांची माळ पुढं कितीतरी शतकांनी आली, हौस तीच.

परतीच्या वाटेवर गोवर्धनला मुक्काम करू, म्हणजे आजच्या नाशिकला. त्रिरश्मी डोंगर, आपली पांडवलेणी. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात भिंतीवर दान कोरून घेतोय, आणि सोलापूरकरांनी इथं थांबायलाच हवं. तीन हजार काहापण, म्हणजे चांदीची नाणी, त्यानं लेण्यातल्या भिक्षूंसाठी दिलेत, पण भिक्षूंच्या हातात नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींत, म्हणजे संघांत, ठेव म्हणून. एका श्रेणीत दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीत एक हजार, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. हिशेबनीस आहात, करा हिशेब: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण, चिवरासाठी. बरोबर दोनशे चाळीस! एक पैसा इकडं नाही, तिकडं नाही. राजघराण्याची ठेव सांभाळणारी पतपेढी, आणि ती विणकरांची. पुढं सहकारी सोसायट्यांची आपण एवढी कौतुकं केली, त्यात हे लेणं कुणाच्या भाषणात आलेलं मी ऐकलं नाही.

त्याच शिलालेखात पस्तीस काहापणांना एक सुवर्ण हा भावही आहे. सोन्याचा दर दगडावर.

आता काही वर्षं पुढं व्हा, पण गोवर्धन सोडू नका. हवा बदलली आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला उखडलंय. त्याची आई गौतमी बलश्री पुढं याच डोंगरात, तिसऱ्या लेण्यात, कोरून ठेवणार आहे की माझ्या मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. आणि जिंकलेल्या खजिन्यात काय आहे? तेच. पोतीच्या पोती नहपानाच्या चेहऱ्याची चांदी.

वितळवता आली असती. सातकर्णी वितळवत नाही. टांकसाळीत ओळीनं ऐरणी मांडल्यात. मुलं नाणी सरकवतायत, घण पडतोय. चेहऱ्याच्या बाजूला कमानींचा डोंगर आणि भोवती ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’. दुसऱ्या बाजूला चार गोळ्यांचं उज्जैन चिन्ह. ठसा बहुतेकदा वाकडा बसतो. नहपानाचं नाक डोंगराखाली चेपतं, पण कान दिसत राहतो, ग्रीक अक्षरांचं अर्धं कडं दिसत राहतं. तुम्ही कारागिराला विचारता, नीट का नाही मारत? त्याला अजून हजारो मारायची आहेत. त्याला वेळ नाही.

हे मी अंदाजानं सांगत नाही. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी गावी एक साठा निघाला: 13,250 नाणी, सगळी चांदीची, सगळी नहपानाची. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातकर्णीचा ठसा मारलेला. उरलेली तशीच. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली तेव्हा त्यांना भलतंच दिसलं. चेहरे एकसारखे नव्हते. कुणी तरुण, कुणी म्हातारा, कुणाचं नाक पोपटासारखं, कुणाचं सरळ. नाव मात्र सगळीकडे नहपानच. त्यांनी तर्क केला की घराण्यातल्या अनेकांनी तेच नाव लावलं असावं. मला ते पटत नाही. ठसे कापणारे बरेच असतील, आणि राजाला पाहिलेले त्यांतले थोडे. मिशी घाला, चेहरा घाला, अक्षरं गोल काढा, असा हुकूम असेल. सराफानं तुम्हाला घोंगडीवर जे सांगितलं, तेच जोगळटेंभीचे हे अनेक चेहरे सांगतात.

गोष्ट ठशावर संपली असती तर सातकर्णीनं ग्रीकांची वस्तू पुसली असं म्हणता आलं असतं. पण सातवाहनांनी पुढं स्वतःचीच तशी नाणी पाडली! वासिष्ठीपुत्र पुळुमावी बघा: चांदी, तेवढंच वजन, एका बाजूला राजाचा चेहरा. ज्या घराण्याला खोडलं, त्याच्याच नाण्याचं रूप आपल्या नावानं. एक गोष्ट बदलली. ग्रीक अक्षरं गेली. चेहऱ्याभोवती प्राकृत आलं, आणि मागच्या बाजूला डोंगराभोवती द्राविडी बोली. ती जुनी तमिळ की तेलुगूची आजी, यावर विद्वान अजून भांडतात. सोलापूरकरानं भांडू नये. ज्या शहरात टिकेकरवाडीपासून पूर्व भागापर्यंत एका सकाळी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी ऐकत माणूस चहा पितो, तिथल्याला दोन भाषांचं नाणं बघून नवल वाटायचं कारण नाही. यज्ञश्री सातकर्णीचं असंच चेहऱ्याचं चांदीचं नाणं 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना नालासोपाऱ्याच्या स्तूपात मिळालं.

इकडे गुजरात-माळव्यात शक क्षत्रपांनी ग्रीक अक्षरं सोडली नाहीत, पण काढणाऱ्यालाही त्यांचा अर्थ उरला नव्हता. हळूहळू ती नुसत्या रेघा झाली. त्यांनी एक उपकार केला: राजाच्या मानेमागं वर्षाचा आकडा घालायला सुरुवात केली. तो आकडा शकाचा, इसवी सन 78 पासून मोजलेला. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर जे शके लिहिलेलं असतं ना, तेच. आपण त्याला शालिवाहन शके म्हणतो आणि पैठणच्या राजाच्या नावावर जमा करतो. नाण्यावर मात्र ते त्याच्या वैऱ्यांच्या घरी वापरात दिसतं. इसवी सन 400 च्या सुमारास दुसऱ्या चंद्रगुप्तानं क्षत्रपांना संपवलं, आणि त्यानंही चेहरा ठेवला, कडेला त्या मोडक्या ग्रीक रेघा ठेवल्या, मागं फक्त आपला गरुड बसवला. मिनँडरपासून इथवर साडेपाचशे वर्षं झाली.

आता उतरा, तेर आलं. रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात या मातीतून निघालेल्या सातवाहनकाळच्या वस्तू आहेत. हस्तिदंताची ती छोटी स्त्रीमूर्तीही, जिच्यासारखी एक इटलीतल्या पाँपेईच्या राखेत सापडली. एक रविवार तिथं घालवा.

आणि एक सांगायचंच राहिलं. या पट्ट्यात नांगराला, विहिरीच्या खोदकामाला, घराच्या पायाला अजून जुनी नाणी लागतात. लागली तर सोनाराकडे वितळवायला नेऊ नका, घासून उजळवूही नका. घासलं की अक्षरं जातात. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात लेखी खबर द्या, आणि नाणी कुठं, किती खोल, कशात सापडली ते त्यात लिहा.